अभ्यासाचा भोंगा

आमच्या तांड्यातली लेकरं बिघडली आहेत, हे आम्हाला हिंगोलीहून आलेल्या एका पाहुण्यांनी सांगितलं. त्याआधी आम्हाला त्याची खबर नव्हती.

पाहुणे मोठे व्याख्याते होते म्हणे. सेवालाल महाराजांच्या देवळासमोर सतरंज्या टाकल्या, देवळाच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पाडला. पहिल्याच चित्रात एक लेकरू साखळीनं मोबाइलला बांधलेलं. दुसऱ्या चित्रात दोन खांब: एक उंच, एक बुटका. उंच खांब म्हणजे मोबाइल न बघणाऱ्याचे मार्क, बुटका म्हणजे बघणाऱ्याचे. पाहुणे खांबाकडं बोट दाखवून बोलत होते आणि मधेच त्यांच्या खिशातला फोन वाजला. तो त्यांनी उचलला. "हां, कार्यक्रमात आहे. हां, हां, मोबाइलच्याच विषयावर," असं म्हणून ठेवला. समोरचे निम्मे लोक हात वर करून त्यांचं भाषण स्वतःच्या फोनात भरून घेत होते. शाळेचे रामप्रसाद सर तर एकदा समोरून, एकदा बाजूनं आणि एकदा देवळाच्या पायरीवर चढून फोटो काढत होते. त्यांना ते त्याच संध्याकाळी वरच्या साहेबांना पाठवायचे होते. आमचे सर शिकवतात चांगलं. पण शिकवल्याचा फोटो काढून होईपर्यंत तास संपतो, त्याला ते तरी काय करणार?

मी मांडीवर बाळाला पाजत मागच्या बाजूला बसले होते. माझ्या शेजारी माझी पुतणी दिपा. पाचवीत आहे. भिंतीवरच्या त्या साखळीतल्या लेकराकडं बघून ती माझ्या कानात म्हणाली, "काकी, ह्याची याडी कुठं गेली?"

याडी म्हणजे आई. आमच्या गोरमाटीत आईला याडी म्हणतात. दिपाची याडी, म्हणजे माझी मोठी जाऊ मिना, दिवाळी होताच ऊसतोडीला गेली होती. बरोबर तिचा नवरा उत्तमसिंग. माझा नवरा विकास त्यांच्याच टोळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. यंदा मीही गेले असते, पण बाळ फार लहान, म्हणून मी घरी. घरात मी, बाळ, दिपा आणि सासूबाई. आमच्या तांड्यात दिवाळीनंतर अर्ध्या घरांची गत हीच असते. दारं उघडी असतात, पण आत एक म्हातारी आणि तिच्या पदराला लेकरं.

ही लेकरं सोडून जाणं काही सोपं नसतं. पूर्वी सगळीच बरोबर जायची. शाळेचं नाव पटावर आणि लेकरू उसाच्या फडात, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मिनानं ठरवलं होतं, माझी पोरगी फडात येणार न्हाई. त्यासाठी तिनं एकच अट घातली होती, आणि ती मला घातली होती: रोज सांजच्याला फोन लागला पाहिजे.

तो फोन म्हणजे काय होतं, ते व्याख्यात्यांच्या खांबात मावलं नसतं. फडातून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परत आली की मिना चूल पेटवायची आणि फोन स्टीलच्या लोट्यात उभा करायची. लोट्यात ठेवला की आवाज मोठा येतो. मग इकडून दिपा धडा वाचायची आणि तिकडं मिना भाकरी थापायची. मिनाला अक्षर येत नाही. पण गोष्ट कळते, आणि अर्धी गोष्ट तिला चालत नाही.

"मंग? राजानं काय केलं?"

"राजानं दवंडी पिटवली."

"येडाच हाय राजा. दवंडीनं चोर सापडतो व्हय? पुढं वाच."

आजूबाजूच्या कोप्यांतल्या बायाही कान लावायच्या. "ए मिना, तुझ्या पोरीला जोरात वाचायला सांग, इकडं ऐकू येईना." दिपा मग रेडिओतल्या बाईसारखी घसा खाकरून सुरू व्हायची. याडी उद्या पुढं काय झालं ते विचारणार, म्हणून शाळेतून येता येताच पुढचा धडा वाचून ठेवायची. मराठीचं पुस्तक तिनं सरांच्या कितीतरी आधी संपवलं. मी तिला कधी अभ्यासाला बस म्हणाले नाही.

तर, मोबाइलमुळे बिघडलेलं लेकरू ते हे.

व्याख्यान संपल्यावर देविदास दादा उठले. देविदास राठोड म्हणजे आमच्या तांड्याचं कल्याण ज्यांच्या डोक्यात चोवीस तास असतं असे गृहस्थ. खताचं दुकान आहे, बागायत आहे. ऊसतोडीला त्यांच्या घरचं कुणी कधी गेलं नाही. त्यांनी तिथल्या तिथं ठराव मांडला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. सात ते नऊ अभ्यास. ज्या घरात शाळेचं लेकरू आहे, त्या घरातला टीव्ही बंद आणि फोन देवळात जमा.

"जमा काहून?" मागून एक म्हातारी म्हणाली. "बंद करून घरीच ठिवतो की."

"आजी, घरी ठेवला की चालू होतो. लेकरं लई हुशार झालीत आताची."

"पण तुमी तर म्हणून राहिले लेकरं ढ झालीत."

हशा झाला. देविदास दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "जो फोन देणार न्हाई, त्या घराचं नाव भोंग्यावरून पुकारलं जाईल."

मग कुणी हसलं नाही. हात वर झाले. समोर बसलेल्यांचे, म्हणजे ज्यांची घरं भरलेली होती त्यांचे. मागच्या म्हाताऱ्यांना वाटलं, लेकरांच्या भल्याचं काहीतरी आहे, त्यांनीही हात वर केले. मी बाळाच्या नादात होते, आणि सासऱ्यासारख्या माणसांच्या बैठकीत सुनेनं बोलायचं नसतं. सातनंतर कुणाचा फोन येतो, हे त्या पटांगणात कुणालाच आठवलं नाही. ज्यांना आठवलं असतं ते तिकडं उसात होते.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा सुरू झाला. असला कर्कश, की पहिल्या दिवशी बाळ दचकून निळं पडलं. देवळाच्या ओट्यावर तेलाचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला, वरून कापलेला. देविदास दादांची पोरं घरोघर फिरून फोन आणायची आणि डब्यात टाकायची. आमच्यासारख्या घरात एकच फोन, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. दुसरी एक गोष्टही लगेच कळली. देविदास दादांचा राम सातवीत आहे आणि त्याच्याकडं टॅब आहे. टॅब डब्यात आला नाही. मी त्या पोरांना विचारलं, तर ती म्हणाली, "टॅब अभ्यासाचा असतो, वहिनी. ठरावात मोबाइल लिव्हलाय." आमच्या भिंतीपलीकडंच त्यांचं घर. अभ्यासाच्या वेळात त्या टॅबमधून बंदुकांचे आवाज यायचे. इतिहासाचा धडा असावा.

पहिले काही दिवस फोन चालूच डब्यात टाकत होते. आणि झालं काय, तर साडेसातच्या सुमाराला तो डबा वाजायला लागला. आधी एक, मग दुसरा, मग सगळे एकदम. पत्र्याचा डबा, आत पंधरा-वीस फोन, प्रत्येकाचं गाणं वेगळं. सगळा ओटा थरथरायचा. तांड्यातली लेकरं पुस्तकं पुढं घेऊन आपापल्या दारात बसलेली आणि मान देवळाकडं. कुणाला गाण्यावरून ओळखू यायचं, तो आपला.

"ती माझी याडी," दिपा म्हणाली. "काकी, ती माझी हाय. कापून पुन्हा लावून राहिली बघ."

मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई अनुसयाबाई तशा खमक्या आहेत. पण भोंग्यावरून घराचं नाव पुकारलं जाणं म्हणजे त्यांच्या लेखी मरण. "राहू दे," त्या म्हणाल्या. "नऊ वाजता आणू."

नऊला फोन आणला. मिनाचे सात कॉल येऊन पडलेले. लावला तर बंद. त्यांच्याकडं बॅटरी दिवसभर ट्रॅक्टरवर थोडी चार्ज होते, ती रात्रीपर्यंत टिकत नाही, आणि टिकली तरी पहाटे अंधारात फडात जायचं असतं, तोवर माणसं मेल्यासारखी झोपलेली असतात. दिवसा कोयता हातात. म्हणजे त्यांच्या दिवसाला जी एक फट होती, तीच नेमकी आमच्या भोंग्यानं बुजवली.

देविदास दादांनी डब्यात न पडलेल्या आपल्या फोननं त्या वाजणाऱ्या डब्याचा व्हिडिओ काढला आणि तांड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली लिहिलं, 'बघा! अभ्यासाच्या वेळात किती फोन येतात! असे असल्यावर मुले शिकणार कशी?' शंभर जणांनी त्याला अंगठा दाखवला. आणि मग नवा नियम आला. डब्यात टाकण्याआधी फोन बंद करायचा.

डबा गप्प झाला. शांततेत अभ्यास सुरू झाला.

दिपा पुस्तक उघडून बसायची. ओठ हलायचे नाहीत. मी म्हणायचे, "वाच की गं, मी ऐकते." ती दोन ओळी वाचायची आणि बाळ रडायचं, किंवा चुलीवरचं ऊतू जायचं, मी उठायचे. परत आले की ती तशीच. एकदा म्हणाली, "तुला गोष्ट ठाऊक हाय, काकी. ज्याला ठाऊक हाय त्याला काय वाचून दाखवायचं?"

मी भर दुपारी मिनाला फोन लावून पाहिला. एकदा लागला. वारा आणि ट्रॅक्टरचा आवाज. मी ओरडून सांगितलं, भोंगा, डबा, ठराव. तिला कळेचना. "लेकराच्या अभ्यासासाठी लेकराच्या याडीचा फोन बंद?" ती म्हणाली. "कुन्या शान्यानं काढलं हे?" आणि दिपा त्या वेळी शाळेत.

मग चाचणी झाली. दिपाच्या मराठीच्या पेपरात उताऱ्याखालची जागा कोरी होती. तिच्याचसारखी आणखीही लेकरं खाली आली होती, बहुतेक टोळीवाल्यांचीच. सरांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलता बोलता एकीकडं चाचणीच्या पेपरांचे फोटो काढत राहिले.

"घरी चोरून मोबाइल बघते का ती?"

"सर, मोबाइल तुमच्या डब्यात असतो."

"मग इतर वेळी बघत असेल. अभ्यासात लक्ष नाही म्हणजे स्क्रीन टाइम वाढलेला असणार. संशोधन आहे तसं."

"सर, तिची आई तिला रोज वाचायला लावायची फोनवर. ते बंद पडलंय."

सरांनी फोनमधून मान वर केली. क्षणभर वाटलं, कळलं. मग म्हणाले, "हो का? फोनवर वाचन! छान उपक्रम होता. मला आधी सांगायचं ना, व्हिडिओ काढला असता."

मी त्यांच्या खुर्चीतून उठून आले.

घरी दिपानं जेवण कमी केलं. अंगात कणकण. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली, औंढ्याच्या दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काही नाही हे तर आम्हालाही दिसत होतं. तिनं मनाशी काय धरलं होतं ते एका संध्याकाळी भोंगा वाजता वाजता बाहेर आलं. "याडी माझ्यावर रागावली व्हय? मागं एकदा मी वाचताना दोन ओळी गाळल्या होत्या. तिला कळलं असंल."

मी तिला पोटाशी धरलं. एका कुशीत बाळ, एका कुशीत ही. मला त्या भोंग्याच्या तारा दातानं तोडाव्या वाटल्या.

त्याच आठवड्यात तांड्यातल्या एका मयतीसाठी आलेली टोळीची माणसं परत जायची होती. टोळीतल्याच संतरामच्या पिकअप गाडीतून, सकाळी. उत्तमसिंग भावजींनी त्यांच्याजवळ निरोप दिला होता: दिपाला बरोबर पाठवून द्या. पोरगी झुरून राहिली तर शाळा काय करायची?

सासूबाईंनी तिचे दोन फ्रॉक घडी करून पिशवीत घातले. मी म्हणाले, "आई, एकदा फडात गेलेली पोरगी परत वर्गात बसत न्हाई. पटावर राहती नुसती."

"मला कळत न्हाई का?" त्या फाडकन म्हणाल्या. "मी काय हौसेनं पाठवून राहिले? लेकरू जगलं तर शिकंल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी बाळाला त्यांच्या हातात दिलं, डोक्यावर पदर घेतला आणि तांड्याच्या नायकांच्या, म्हणजे आमच्या प्रमुखांच्या, घरी गेले.

धर्मसिंग नायक बाजेवर पडून भजन ऐकत होते. फोन छातीवर. त्यांच्या घरात शाळेचं लेकरू नाही, त्यामुळे ठरावातून सूट. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. ते भजन बंद न करता ऐकत होते.

"तुझं म्हणणं बराबर हाय, सूनबाई," ते म्हणाले. "पण तांड्याचा ठराव हाय. तो मोडायचा तर घरटी एक माणूस बैठकीला बसलं पाहिजे. बापजाद्यापासूनची रीत हाय. गुढीपाडव्याला टोळ्या येतील, तवा बसू."

"पाडव्याला?"

"तवाच तांडा भरतो ना."

"काका, परीक्षा तोंडावर आल्यावर येतील टोळ्या. माझी पोरगी उद्या सकाळी चाललीय." माझा आवाज चढला होता, चढू दिला. "आन् ठराव केला तवा घरटी एक माणूस कुठं होतं? अर्धा तांडा ट्रॅक्टरमंधी बसून गेला होता. अर्ध्या तांड्यानं केलेला ठराव पक्का, आन् मोडायचा म्हणलं की अख्खा तांडा पाहिजे?"

नायकांनी भजन बंद केलं. बाजेवर उठून बसले. त्यांचं वय झालं आहे, आणि रीत चुकली असं त्यांना आयुष्यात कुणी म्हणालं नसावं. तेही पदराआडून.

"देविदासला बोलव," ते घरातल्या माणसाला म्हणाले.

देविदास दादा आले ते आधी हसले, मग मला बघून थांबले. सगळं ऐकून म्हणाले, "काका, बैठक बसवू, माझी ना न्हाई. पण ती माणसं तिकडं चारशे किलोमीटरवर. त्यांला बसवणार कसं?"

"ज्या डब्यात टाकलेत," नायक म्हणाले, "त्या डब्यातून काढ."

त्या संध्याकाळी भोंगा वाजला, आणि तो अभ्यासाचा नाही हे साऱ्यांना कळलं होतं. सतरंजी अंथरली. आमच्यात प्रत्येक घराची बैठकीतली जागा ठरलेली असते. बाप गेला की मुलगा तिथं बसतो. डब्यातून एकेक फोन काढला, म्हाताऱ्यांनी तो लुगड्याला पुसला आणि आपापल्या घराच्या जागेवर ठेवला. मधेमधे माणसं, मधेमधे फोन. आमच्या घराच्या जागी सासूबाईंनी आमचा फोन ठेवला आणि त्याच्या मागं, सवयीनं, सासरे बसायचे तशी थोडी जागा सोडली. बटणं दाबली गेली. ज्यांना येत नव्हती त्यांची लेकरांनी दाबली. मोबाइलनं बिघडलेल्या लेकरांचा तेवढा उपयोग झाला.

एकेक फोन लागत गेला. सगळ्यांतून एकदम फडाचा आवाज: कुत्री, चुलीची काटकी मोडलेली, लांब ट्रॅक्टर.

"राम राम, नायक काका. काय झालं? कोण गेलं?" पहिला आवाज घाबराच होता. बैठक म्हटल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार?

"कोणी गेलं न्हाई. ठरावाचं इचारायचं हाय."

देविदास दादांनी उभं राहून मुद्दे मांडले. व्याख्यान, खांब, मार्क, भावी पिढी. सतरंजीवरच्या फोनांना नमस्कार करावा की नाही हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. अर्धा हात वर, अर्धा खाली. ते थांबल्यावर एका फोनातून आवाज आला:

"ए देविदास, तुझा राम काय करून राहिला? टॅबवर अभ्यास?"

सगळे फोन एकदम हसले. सतरंजी हसली म्हणा ना. देविदास दादांच्या घरातून बंदुकांचा आवाज येत होताच. कुणीतरी धावत जाऊन तो बंद करून आलं.

"मस्करी नको," देविदास दादा म्हणाले. "लेकरांच्या चांगल्यासाठीच केलं."

"आमच्या लेकरांच्या?" हे आमच्या फोनातून आलं. उत्तमसिंग भावजी बोलायला लागले होते, पण शब्द पुरा व्हायच्या आत फोन हिसकावल्याचा आवाज आला आणि मिना बोलली. बैठकीत बाई बोलत नाही. पण फोनला कुठं पदर असतो?

"देविदास दादा, मी मिना. मला शाळा ठाऊक न्हाई, तुमचं चित्रबित्र ठाऊक न्हाई. मी पोरगी तिथं ठेवली ती कशाच्या भरवशावर ठेवली, हे तुमी मला एका शब्दानं इचारलं? मी दिवसभर मोळ्या बांधते आन् मनात म्हणते, सांजच्याला बोलंल. तेवढ्यावर दिवस जातो माझा. तिचाबी जातो. माझी पोरगी फोन बघत न्हाई, दादा. ती फोनात माझ्यासाठी वाचते. तुमच्या दोन तासांत ती काय शिकली? मुकी राहायला शिकली."

दुसऱ्या एका फोनातून एक बाई म्हणाली, "माझ्या पोराचा बी पाढा आमी फोनवरच घ्यायचो." मग आणखी एक. मग सगळ्याच, आणि काहीच ऐकू येईना. डबा वाजायचा तसंच, फक्त ह्या वेळी शब्द कळत होते.

धर्मसिंग नायकांनी हात वर केला. फोनांना तो दिसला नाही. तरी हळूहळू सगळे गप्प झाले.

"टीव्ही बंद ठेवायचा तर खुशाल ठेवा," ते म्हणाले. "फोन ज्याचा त्याच्या घरी राहील. ज्याची याडी लांब हाय त्याचा अभ्यास तिच्यापासूनच सुरू व्हतो, असं मला वाटतं. कोणाचं दुसरं म्हणणं?"

कोणाचं नव्हतं. देविदास दादांचंही नव्हतं. ते गटावर काहीतरी टाइप करत होते. ते मी नंतर वाचलं. 'आमच्या तांड्यात पालक-संवाद तास सुरू! नावीन्यपूर्ण उपक्रम! संकल्पना: देविदास राठोड.' शंभर अंगठे त्यालाही आले.

माणसं उठली, फोन उचलले गेले. आमचा फोन मी दिपाच्या हातात दिला. इतके दिवस काय काय साठवून ठेवलं असेल तिनं, तोंडातून एवढंच निघालं, "भाकर झाली का?"

"न्हाई अजून," मिना म्हणाली. नंतर नुसता श्वास ऐकू येत राहिला. बैठकीत वाघिणीसारखी बोललेली बाई आता पार ढासळली होती. "दिपा, उद्या गाडी येऊन राहिली बघ. येतेस का माझ्याकडं? ये. मला बी करमत न्हाई."

एवढं सगळं केलं ते ह्या एका वाक्यानं वाया जाणार होतं, आणि मिनाला मी काय म्हणणार? तिची पोटची आहे. मीही बाळाला सोडून एक संध्याकाळ काढली नसती.

दिपा देवळाच्या पायरीवर बसली. फोन दोन्ही हातांनी धरून. विचार करताना ती खालचा ओठ आत घेते, तसा घेतला.

"मी आले तर तुला वाचून कोण दाखवील?" ती म्हणाली. "तिथं पुस्तक कुठं हाय?"

"पुस्तक घेऊन ये."

"एक संपलं की मंग?"

तिकडं मिनाला हसू फुटलं का रडू, कळलं नाही. "शाणी झालीस," ती म्हणाली. "राहा मग. काकीला तरास देऊ नको. जेवत जा."

"तू फोन कर. रोज."

"करते."

"आन् मी दोन ओळी गाळल्या होत्या, त्या आज वाचते."

"कोणत्या गं?" मिनाला अर्थात काहीच ठाऊक नव्हतं.

दिपा सांगायला लागली. सासूबाई घरी जाऊन पिशवीतले फ्रॉक काढत होत्या, ते मला देवळापासून आमच्या उघड्या दारातून दिसत होतं. झटकून, जोरात, जणू त्या फ्रॉकांचाच सगळा दोष. एवढ्यात देविदास दादा आणि रामप्रसाद सर दोघं पायरीपाशी आले. सर आज मुद्दाम थांबले होते. त्यांना उपक्रमाचा पहिला फोटो हवा होता.

"बाळा, इकडं बघ. फोन असा कानाला धर. थोडं हस."

दिपानं ऐकलं नाही. ती गोष्टीत होती. राजाच्या दवंडीनं चोर कसा सापडला ते याडीला पटत नव्हतं आणि ती पटवून देत होती.

"बाळा, एक मिनिट फोन ठेव, मग बोल."

"सर," मी म्हणाले, "लेकरू अभ्यास करून राहिलं. तुमचा मोबाइल जरा खिशात ठेवा."

सरांनी फोन खाली घेतला. पण त्याआधी एक फोटो निघाला होताच. तो गटावर आला. त्यात देऊळ आहे, भोंगा आहे, डावीकडं देविदास दादांचा खांदा आहे, आणि दिपाची पाठ.